वल्ह्याचे शब्द

नभोवाणीवरून क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन चालू असताना, नाणेफेक जिंकून कर्णधाराने प्रथम फलंदाजी स्वीकारल्याची वार्ता मराठी श्रोत्याच्या कानावर शेकडो वेळा पडलेली असते. मैदानावर त्या वेळी नाव नसते, नदी नसते, आणि पावसाचे पाणी आलेच तर खेळ थांबवावा लागतो. तरीही संघाच्या नायकाला जी संज्ञा मिळाली आहे ती सरळ नावेवरून उचललेली आहे. कर्ण म्हणजे कान हे सर्वांस ठाऊक असते. परंतु नावेला दिशा देणारे जे साधन, त्यालाही संस्कृतात कर्ण असेच म्हणत. ते साधन हाती धरून बसणारा तो कर्णधार. पुढे हा शब्द नावेतून उतरला, गुरूला लागला, पुढाऱ्याला लागला आणि अखेर फलंदाजांच्या व गोलंदाजांच्या नायकाला येऊन चिकटला. त्याचाच सोबती सुकाणू. राज्याचे सुकाणू, संस्थेचे सुकाणू, पक्षाचे सुकाणू हे शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून रोज वाचावयास मिळतात, आणि ते वाचताना समुद्राची आठवण कोणालाही होत नाही.

परंतु सुकाणूने नाव वळते. ती चालत नाही. नाव चालते ती वाऱ्याने, आणि वारा पडला म्हणजे माणसाच्या दंडांतील बळाने. ते बळ पाण्यापर्यंत पोहोचविणारे साधन म्हणजे वल्हे. भाषेच्या व्यवहारात सुकाणू धरणाऱ्याला जे भाग्य लाभले, ते वल्हे मारणाऱ्याला का लाभले नाही, या प्रश्नाचा माग काढू लागले की शब्दांच्या आड दडलेला एक फार जुना इतिहास हाती येतो.

वल्हे ही वस्तू दिसावयास अगदी साधी आहे. एक लांब दांडा, त्याच्या एका टोकाला हाताची मूठ आणि दुसऱ्या टोकाला पसरट पाते. पण या साध्या लाकडातही दोन जाती आहेत. एक जात अशी की, वल्हे नावेला कोठेच टेकलेले नसते. वल्हेकरी ते दोन्ही हातांत उभे धरून पाणी मागे सारतो आणि त्याचे तोंड नाव जाते त्या दिशेकडे असते. दुसऱ्या जातीचे वल्हे नावेच्या काठावरील खुंटीला दोरीच्या फासाने किंवा खाचेत अडकविलेले असते. येथे वल्हे ही एक तरफ होते. खुंटीच्या आतला भाग आखूड आणि बाहेरचा भाग लांब, त्यामुळे हात थोडा हलला तरी पाते पाण्यातून मोठा पल्ला काटते; अर्थात त्यासाठी जोरही अधिक लावावा लागतो. हा जोर हातांनी ढकलून नव्हे, तर पाय रोवून आणि पाठ मागे टाकून ओढल्यानेच नीट लागतो. म्हणून या जातीचा वल्हेकरी नाव ज्या दिशेने चालली आहे तिच्याकडे पाठ करून बसतो. जे मागे पडले ते त्याला दिसते; जे पुढे येणार आहे ते दिसत नाही. पुढचे पाहण्यासाठी दुसऱ्या कोणी तरी तोंड पुढे करून बसावे लागते. नाव मोठी होऊ लागली, वल्हेकरी अनेक झाले, तेव्हा या दोन कामांची वाटणी झाली. आणि कामाची वाटणी झाली की मानाची वाटणीही फार दूर राहत नाही.

मराठीने या दोन्ही जातींना वल्हे हे एकच नाव दिले. बंगालीत तसे नाही. तेथे खुंटीला अडकविलेले ते दाँड़ आणि हातात मोकळे धरलेले ते बैठा, असा स्पष्ट भेद आहे. मलयाळममध्येही मोकळ्या वल्ह्याला तुळा आणि दांड्याच्या मोठ्या वल्ह्याला तण्डु असे वेगळे शब्द आहेत. याचे कारण शोधावयास फार लांब जावयास नको. बंगाल आणि केरळ हे देश पाण्याने विणलेले आहेत. तेथे शेत, बाजार आणि देऊळ यांच्यामध्ये पाणी असते. सह्याद्रीच्या माथ्यावरील नद्या खडकाळ, पावसाळ्यात उन्मत्त आणि उन्हाळ्यात गुडघाभर. त्यांच्यावर नाव असे ती तरीपुरती, आणि ती बहुधा बांबूने रेटीत नेण्याची. मराठीतील वल्ह्याचे शब्द म्हणूनच मुख्यतः किनाऱ्यावरचे आहेत, आणि देशावरच्या मराठीला ते पाहुण्यासारखे भेटतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात वल्हे आणि वल्हविणे हे दोन्ही शब्द मिळतात. पण घाटावरच्या माणसाने ते पुस्तकात वाचलेले असण्याचाच संभव अधिक.

या वस्तूचे भारतातील सर्वांत जुने नाव अरित्र हे आहे. ऋग्वेदात तुग्राचा पुत्र भुज्यू समुद्रात सापडतो, जेथे धरावयास आधार नाही अशा पाण्यात तो पडलेला असतो, आणि अश्विनीकुमार त्याला नावेत घेऊन घरी पोहोचवितात. पहिल्या मंडलाच्या एकशे सोळाव्या सूक्तात या नावेला शतारित्रा, म्हणजे शंभर वल्ह्यांची, असे विशेषण आहे. शंभर हा आकडा कवीचा आहे, सुताराचा नव्हे, हे खरे. पण अनेक वल्ह्यांची नाव म्हणजे काय याची कल्पना त्या कवीला व त्याच्या श्रोत्यांना होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. त्याहूनही लक्ष वेधून घेणारा शब्द आहे अरितृ. अरित्र चालविणारा तो अरितृ, म्हणजे वल्हेकरी. दुसऱ्या मंडलात शुभशकुनाच्या पक्ष्याला उद्देशून एक छोटे सूक्त आहे. तो पक्षी आपली वाणी कशी पुढे पाठवितो, तर वल्हेकरी नाव पुढे लोटतो तशी, अशी उपमा तेथे आली आहे. नवव्या मंडलात सोमाविषयी बोलतानाही हीच उपमा पुन्हा येते. वाणी हे वैदिक कवीचे सर्वांत मोलाचे धन. त्या धनाच्या गतीला साजेसे चित्र शोधताना त्याला सुकाणूवाला सुचला नाही, वल्हेकरी सुचला. वल्हेकऱ्याच्या वाट्याला यापेक्षा मोठा मान भारतीय वाङ्मयात पुन्हा क्वचितच आला असेल.

कारण पुढे हा शब्द हळूच दिसेनासा होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्षाचे एक प्रकरण आहे. बारमाही मोठ्या नद्यांवरील मोठ्या नावांवर कोणकोण असावे, हे तेथे सांगितले आहे. शासक म्हणजे नावेचा अधिकारी, नियामक म्हणजे दिशा सांभाळणारा, त्याखेरीज कोयता धरणारा, दोर धरणारा, आणि उत्सेचक, म्हणजे नावेत शिरलेले पाणी उपसून टाकणारा. पाणी उपसणाऱ्यालाही त्या यादीत स्वतंत्र नाव आहे, वल्हेकऱ्याला नाही. तो नव्हता असे कसे म्हणावे? तो गृहीत धरलेला आहे. घराची मोजदाद करताना जोत्याचे दगड कोणी मोजीत नाही, तसा हा प्रकार आहे.

अमरसिंहाच्या कोशात, वारिवर्गात, नावेच्या शब्दांचा एक सुंदर गुच्छ आहे. त्यात तरीचे भाडे आहे, डोलकाठी आहे, नावेतील घाण खरवडण्याची लाकडी कुदळ आहे, पाणी उपसण्याचे भांडे आहे. वल्ह्यासाठी तेथे नौकादंड आणि क्षेपणी हे दोन शब्द दिले आहेत. क्षेपणी म्हणजे फेकणारी. क्षिप् या धातूपासून हा शब्द निघाला. मग अरित्र कोठे गेले? अरित्र आहे, पण ते आता केनिपातक या शब्दाच्या शेजारी जाऊन बसले आहे. आणि टीकाकार या जोडीचा अर्थ सुकाणू असा करतात. ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘निपात’ म्हणजे पडणारे, अशी केनिपाताची फोड आहे. वेदांत ज्याने नाव चालत होती ते अरित्र, अमराच्या काळापर्यंत नाव वळविणाऱ्याच्या हाती गेले. माणसांची नावे पाहावीत तर कर्णधार आणि नाविक हे तेथे एकमेकांचे पर्याय म्हणून दिले आहेत. जणू नावेवर जो कोणी आहे तो कर्णधारच. जहाज वाहून नेणारे या अर्थाचा पोतवाह हा एक मोघम शब्द आहे. पण अरितृ मात्र त्या ओळींत आढळत नाही.

अर्थाचे हे स्थलांतर केवळ लहरीने झाले असे समजण्याचे कारण नाही. प्राचीन सुकाणू हे मुळात एक मोठे वल्हेच होते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जे जहाज रंगविलेले आहे, त्याच्या मागच्या अंगाला दिशा देणारी अशी लांब वल्ही दिसतात. नावेच्या पिछाडीला मधोमध बिजागरीवर फिरणारी फळी बसविण्याची रीत नंतरची आहे. तोपर्यंत नावेतील सर्वांत मोठे आणि सर्वांत मागचे वल्हे तेच सुकाणू होते. साधन तेच, लाकूड तेच. फक्त ते कोणाच्या हातात आहे यावरून त्याचे मोल ठरले, आणि जुना, प्रतिष्ठित शब्द त्या मोठ्या हाताबरोबर गेला.

आश्चर्य असे की, हीच कथा हजारो मैलांवर पुन्हा घडलेली आहे. संस्कृत अरितृ व अरित्र यांचे सख्खे भाऊ ग्रीकमध्ये आहेत. तेथे वल्हेकरी तो एरेतेस आणि वल्हे ते एरेत्मोन. लॅटिनमधील वल्ह्याचे नाव रेमुस हेही त्याच कुळातले. इंग्रजीतील वल्हविणे या अर्थाचे ‘रो’ हे क्रियापदही तेथूनच आले, आणि इंग्रजीतील सुकाणूचा शब्द ‘रडर’ हासुद्धा त्याच मुळाचा आहे. जुन्या इंग्रजीत या रडरचा अर्थ वल्हे असाच होता. म्हणजे अरित्राने जो प्रवास भारतात केला, तोच प्रवास त्याच्या दूरच्या भावंडाने उत्तरेच्या थंड समुद्रावर केला.

ग्रीकांनी सुकाणूवाल्याला किबेर्नेतेस म्हटले; लॅटिनने तो शब्द गुबेर्नातोर असा घेतला; आणि त्याच्यापासून इंग्रजीचा गव्हर्नर आणि गव्हर्नमेंट ही घराणी निघाली. पारतंत्र्याच्या काळात मुंबईच्या मलबार टेकडीवर राहणाऱ्या लाटसाहेबाच्या पदवीत एक ग्रीक सुकाणूवाला बसलेला होता, हे त्याला मुजरा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. आणि वल्हेकरी? ग्रीकमध्ये हिपेरेतेस असा एक शब्द आहे. हाताखालचा वल्हेकरी असा त्याचा मूळ अर्थ सांगितला जातो; रूढ अर्थ झाला सेवक, हुजऱ्या. एकाच नावेतून दोघे उतरले. एक राज्यपाल झाला, दुसरा चाकर.

हे ग्रीसमध्ये घडावे यात एक विसंगती आहे, कारण ज्या अथेन्सने वल्हेकऱ्याला खरोखर ओळखले तेही ग्रीसमध्येच होते. अथेन्सच्या तीन ओळींच्या युद्धनौकेत १७० वल्हेकरी असत. वरच्या ओळीत ६२, मधल्या व खालच्या ओळींत प्रत्येकी ५४. प्रत्येक ओळीतील वल्हेकऱ्याला वेगळी संज्ञा होती. चित्रपटांनी साखळदंडांत जखडलेल्या गुलाम वल्हेकऱ्यांचे जे चित्र रूढ केले आहे, ते या नौकांना लागू पडत नाही. अथेन्सच्या वल्ह्यांवर मोठ्या संख्येने बसत ते तेथील गरीब पण स्वतंत्र नागरिक, आणि त्यांना वेतन मिळे. इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणच्या आरमाराचा पराभव झाला तो या माणसांच्या पाठीच्या जोरावर. त्यानंतर नगराच्या सभेत त्यांचा शब्द वजनदार झाला. लोकशाहीचा तिटकारा असलेल्या त्या काळच्या एका अज्ञात लेखकानेदेखील, नौका चालविणारे लोकच नगराला सामर्थ्य देतात, तेव्हा त्यांच्या हाती सत्ता असणे न्याय्यच दिसते, अशी कबुली नाइलाजाने दिली आहे. सभेत मत मिळाले. शब्दाच्या नशिबी मात्र चाकरीच आली.

महाराष्ट्रात वल्हेकऱ्याचे जुने चित्र पाहावयाचे असेल तर ते मुंबईतच, बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर पाहावे लागते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. ती खालून वर वाचावयाची. खाली युद्ध, मध्ये मृत्यू, वर स्वर्ग. एक्सरच्या शिळांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील काहींवरचे युद्ध समुद्रावरचे आहे. उंच नाळेची जहाजे एकामागोमाग चालली आहेत आणि त्यांच्या कडेने वल्ह्यांची रांग कोरलेली आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात जो संघर्ष झाला, त्याच्याशी काही अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख हेमाद्रीच्या ग्रंथात आहे. काहींच्या मते शिळा त्याहूनही जुन्या आहेत. काळ कोणताही असो, शिल्पकाराची नजर प्रामाणिक आहे. वल्ही त्याने सोडली नाहीत. वीर मात्र वरच्या पट्टीत देवांच्या सान्निध्यात पोहोचला आहे, आणि वल्हेकरी खालच्या पट्टीतच, पाण्याला टेकलेले, राहिले आहेत.

मराठ्यांच्या आरमाराकडे वळले की शब्दांचा नवाच बाजार दिसू लागतो. दर्या आणि बंदर फारसीतून आले, सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’चा मराठी अवतार, खलाशी अरबी, आरमार पोर्तुगिजांच्या ‘आर्मादा’पासून. कान्होजी आंग्र्यांची सरखेल ही पदवी तर मुळात घोडदळाच्या तुकडीच्या नायकाची. समुद्रावर हुकमत गाजविणाऱ्याला घोड्यांची पदवी मिळावी, यात मराठी राज्याचा सारा भूगोल आला आहे. आंग्र्यांच्या लढाऊ जहाजांचे मुख्य प्रकार दोन. एक गुराब, अरबीत या शब्दाचा अर्थ कावळा. दुसरे गलबत, याचा संबंध पोर्तुगीज ‘गॅलिओता’शी, म्हणजे लहान वल्हेरी युद्धनौकेशी, जोडण्यात येतो. या सगळ्या परक्या मालात वल्हे मात्र वल्हेच राहिले. अरबाने दिशा दाखविण्याच्या साधनाचे नाव दिले, पोर्तुगिजाने आरमाराचे. पण जे रोज हाताला घट्टे पाडते त्याचे नाव बाहेरून घ्यावे असे किनाऱ्यावरच्या माणसाला वाटले नाही.

या गलबतांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे, आणि शत्रूचे वर्णन असल्यामुळे त्यात कौतुकाची अतिशयोक्ती असण्याचा संभव कमी. त्याच्या सांगण्याप्रमाणे तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे ३०० टनांची असे. गलबत तिच्याहून पुष्कळ लहान. सर्वांत मोठे गलबतही क्वचितच ७० टनांच्या वर जाई. पण गलबताला ४० ते ५० भक्कम वल्ही असत, आणि त्यांच्या जोरावर ते ताशी चार मैल चाले. चार मैल हा वेग पायी चालणाऱ्या माणसाचा, आजच्या वाचकाला तो हास्यास्पद वाटेल. परंतु वारा पडलेल्या समुद्रावर युरोपियनांचे मोठे जहाज खिळून उभे राही, आणि तेव्हा ताशी चार मैल हा अजिंक्य वेग होता. गलबते गुराबींना दोर लावून ओढीत नेत आणि तोफांचा मारा नीट साधेल अशा ठिकाणी उभ्या करीत. आंग्र्यांच्या आरमारात आठ-दहा गुराबी आणि चाळीस-पन्नास गलबते असत, असेही ऑर्म सांगतो. चाळीस गलबते आणि प्रत्येकी चाळीस वल्ही धरली तरी सोळाशे वल्ह्यांचा हिशेब होतो. सोळाशे माणसांचे हात एका तालात खाली-वर होत आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरील आंग्र्यांच्या दराऱ्याचा निम्मा उलगडा तेथेच होतो.

१७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी समुद्राच्या बाजूने विजयदुर्गावर चाल केली. पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या साह्याला होती. बंदरात दाटीने नांगरून ठेवलेल्या जहाजांपैकी एकाला तोफगोळ्याने आग लागली आणि पाहता पाहता तुळाजी आंग्र्यांचे सारे आरमार जळाले. मराठ्यांनी आपल्याच एका समुद्री बाहूचा नाश आपल्या देखत आणि आपल्या संमतीने होऊ दिला, ही गोष्ट मराठी इतिहासकारांनी पुष्कळ हळहळून लिहिली आहे, आणि ती हळहळ योग्यच आहे. परंतु हळहळ झाली ती गुराबींची, तोफांची आणि तुळाजीच्या कैदेची. त्या रात्री जी वल्ही जळाली, त्यांच्यामागच्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न बखरींना पडला नाही आणि पुढच्या इतिहासग्रंथांनाही फारसा पडलेला दिसत नाही.

गंगेच्या मुखाकडील प्रदेशात वल्हेकऱ्याचे नाव टिकले. तेथील मोठ्या नावेवर मागे हाल, म्हणजे सुकाणू, धरून माझी उभा राही आणि पुढे दाँड़ ओढीत दाँड़ी बसत. कंपनी सरकारच्या साहेबांनी हे दोन्ही शब्द आपल्या इंग्रजीतही घेतले. पण दाँड़ी म्हणजे काय? ज्याच्या हाती दांडा आहे तो. दंड या संस्कृत शब्दाचे हे लेकरू, मराठीतील दांडा आणि दांडी यांचे भावंड. वेदातील अरितृ शब्दात नाव पुढे नेण्याची क्रिया होती. दाँड़ीत फक्त काठी उरली.

हिंदी प्रदेशात मात्र चाक उलटे फिरले. क्षेपणी ज्या धातूपासून आली त्या धातूपासूनच हिंदीतील ‘खेना’ हे वल्हविण्याचे क्रियापद आले असे व्युत्पत्तिकार मानतात. आणि बाजाराच्या किंवा कचेरीच्या चार खेपा घालून दमलेला मराठी माणूस ज्या खेपेला दोष देतो, ती खेपही त्याच क्षेपाची. खेना या क्रियापदापासून खेवैया आणि खेवनहार हे शब्द झाले, आणि भक्तांनी खेवनहार हे नाव थेट परमेश्वराला दिले. भवसागरातून पैलतीराला नेणारा तो. वल्हेकऱ्याच्या नावाला ही उंची येथेच का मिळाली? उत्तर तरीच्या लहान नावेत आहे. तेथे नावाडी एकटा असतो. तोच वल्हे मारतो आणि तोच दिशा ठेवतो. तुलसीदासाच्या रामाला गंगा उतरविणारा केवट असाच एकटा आहे, आणि पाय धुऊ दिल्याखेरीज नावेत घेणार नाही असे तो प्रत्यक्ष रामाला सांगू शकतो. शंभर वल्ह्यांच्या नावेतील एखाद्याने असे सांगितले असते तर त्याचे कोण ऐकणार होते?

मलबारच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका शब्दाची गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. कोकणात नावेवरच्या माणसांच्या नायकाला तांडेल म्हणतात. तांडा या शब्दाशी त्याचे नाते काहींनी जोडले आहे. पण दुसरी एक व्युत्पत्ती अशी दिली जाते की, मलयाळममधील तण्डु म्हणजे वल्हे आणि वलि म्हणजे ओढणे, यांपासून तण्डल झाला, आणि तोच कोकणात तांडेल म्हणून रुळला. तिच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, पश्चिम किनाऱ्यावरील खलाशी बंदरोबंदरी मिसळत आले आहेत आणि त्यांचे शब्द नांगराबरोबर ठिकठिकाणी पडले आहेत. ही व्युत्पत्ती खरी असेल तर या एका शब्दापुरता तरी वल्हे ओढणारा आपल्या फळीवरून उठला आणि नायकाच्या जागी जाऊन उभा राहिला. रायगडपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर तांडेल हे आज शेकडो कुटुंबांचे आडनाव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासेमारीच्या नावांवर यंत्रे बसली, शिडे उतरली, आणि वल्हे हे अडीअडचणीचे साधन म्हणून नावेच्या तळाशी पडून राहिले. पण आडनावात ते अजून शाबूत असेल.

वल्हे आता मुख्यत्वे शर्यतीत उरले आहे. केरळात चुंडन वल्लमच्या शंभरीच्या घरातील वल्हेकरी गीताच्या ठेक्यावर पाणी मारतात. १९५२ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी आलप्पुळा येथे ही शर्यत पाहिली आणि नंतर दिलेला त्यांचा चषक आजही खेळला जातो. महाराष्ट्रात वल्हवण्याच्या खेळाचे जुने घर पुणे. तेथील लष्करी केंद्रांत तयार झालेल्या वल्हेकऱ्यांत दत्तू भोकनळ हे नाव सर्वांना ठाऊक झाले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव, अवर्षणाच्या पट्ट्यातले. वडिलांबरोबर विहिरी खणण्याचे काम केलेला हा मुलगा सैन्यात गेला आणि तेथे त्याच्या हाती वल्हे आले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हविण्याच्या शर्यतीत तो तेरावा आला; २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्णपदक मिळविले.

एकट्याच्या शर्यतीची ती नाव फूटभर रुंदीची असते. वल्हेकऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते, तोंड मागे असते, आणि अंतर २००० मीटरचे. दिशा सांभाळावयास दुसरे कोणी नसते. नाव वळवावयाची ती एका हाताचा जोर किंचित वाढवून. मधूनच मान वळवून खांद्यावरून पुढे पाहून घ्यावयाचे आणि पुन्हा ओढावयाचे. चौघांच्या नावेतही वेगळा कर्णधार नसतो. तेथे एक लहानसे सुकाणू असते, पण ते तारेने चौघांपैकी एकाच्या बुटाला जोडलेले असते, आणि पाठ मागे टाकून वल्हे ओढता ओढता तो वल्हेकरी ते पायाने वळवितो.